ज्याचं गाणं, त्याची खुर्ची

मी एक जुनी घडीची लोखंडी खुर्ची आहे, आणि मित्रांनो, मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी आपलं आयुष्य सांगताना डोळ्यांत पाणी आणून सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. पण मला पाणी चालत नाही, गंज चढतो. म्हणून जे घडलं ते मी कोरड्या आवाजातच सांगणार आहे.

माझा जन्म लातूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ज्ञानोबा नावाच्या वेल्डरनं माझ्या नळ्या वाकवल्या, बसायला एक पत्रा आणि पाठीला एक पत्रा जोडला, पायांना रबरी बुटं चढवली आणि पोपटी रंग मारला. खुर्ची पुरी झाली की तो स्वतः तिच्यावर धपकन बसायचा, उसळून बघायचा आणि म्हणायचा, "जा, आता कुणालाबी घे मांडीवर." आम्हां बहिणींना टेम्पोत रचून अहमदपूरला नेलं. तिथल्या एका मंडपवाल्याकडं मी पुष्कळ वर्षं चाकरी केली.

लग्नं, बारशी, जयंत्या, सभा, सत्कार. कुणी चपलेसकट माझ्यावर चढलं, कुणी माझ्या पाठीला जिलबीचे हात पुसले. त्याचा मला राग नाही. ते कामच होतं. पण एक गोष्ट त्या दिवसांपासून माझ्या पत्र्यात रुतून बसली. पुढं सोफे मांडायचे, त्यांच्यामागं आम्ही, आणि आमच्यामागं सतरंजी. कुणाला कुठं बसवलं यावरून माणसं रुसायची, जेवायची नाहीत, वर्षवर्ष बोलायची नाहीत. आणि ज्यांच्या आवाजासाठी सगळा गाव जमायचा, तो शाहीर, तो हलगीवाला, ती गाणारी बाई, त्यांना "बसा" म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही. ती माणसं मंडपाच्या कडेला जनरेटरच्या धुरात उभी असायची. नाव पुकारलं की पुढं यायची, गायची, पुन्हा कडेला जायची. जेवायला शेवटच्या पंगतीला.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, पांढऱ्या, एका माणसानं दहा उचलाव्यात अशा. मंडपवाल्यानं आम्हांला भंगारात दिलं. बहिणी कुठं कुठं गेल्या ते मला ठाऊक नाही. मी भंगाराच्या गाड्यावर बसून लातुरात परत आले, आणि तिथं कस्तुराबाईंनी मला पाहिलं.

कस्तुराबाई मेस चालवतात. नवरा गेल्यावर त्या अहमदपूरकडच्या खेड्यातून लातुरात आल्या आणि क्लासच्या मुलींना डबा-जेवण घालू लागल्या. मुली त्यांना मावशी म्हणतात. त्यांची मेस ज्या गल्लीत आहे, तिथं मान वर केली की आभाळ कमी आणि फ्लेक्स जास्त दिसतात. प्रत्येक फ्लेक्सवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो, खाली मार्क, वर क्लासच्या सरांचा मोठा फोटो. गल्लीत क्लास, हॉस्टेल, झेरॉक्सची दुकानं, आणि वह्या छातीशी धरून धावणारी पोरं.

"वरच्या फळीवरले मसाल्याचे डबे काढाया उंच कायतरी पायजे," असं म्हणून त्यांनी मला घरी आणलं. आले होते मी शिडी म्हणून. खुर्ची नंतर झाले.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्या मोकळ्या वेळात एकदा कस्तुराबाई भांडी पुसता पुसता जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. मुलींनी त्या ऐकल्या आणि आणखी मागितल्या. पुढच्या रविवारी एका मुलीनं आपल्या आजीचं गाणं म्हटलं. मग शेजारच्या नर्सबाई आल्या, बँकेतला एक कारकून भारूड म्हणायला आला, निवृत्त मुख्याध्यापक किशनराव ऐकायला आले आणि येतच राहिले. जेवणाची टेबलं भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, चहा ठेवायचा. तीस-चाळीस माणसं मावायची, तीही गुडघ्याला गुडघा लावून. किशनरावांनी त्या बैठकीला नाव दिलं, 'कानोसा'.

कस्तुराबाईंचे नियम मोजके होते. भाषण नाही, सत्कार नाही, फोन पाण्याच्या टाकीवर ठेवायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम माझ्याबद्दल होता. हॉलमध्ये खुर्ची एकच, ती मी. ज्याचं गाणं त्याची खुर्ची. बाकी सगळे खाली, मग तो कुणी का असेना. एकदा एक मोठे अधिकारी आले आणि उभेच राहिले. कस्तुराबाईंनी सतरंजी दाखवली. "साहेब, हितं समदेच खाली बसतेत. तुम्हांला गाणं येत असल तर मग बसा खुर्चीवर." साहेब हसले आणि मांडी घालून बसले. त्यांचे गुडघे वाजलेले मी ऐकले. मित्रांनो, त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो कुठल्याही मंत्र्याला मांडीवर घेऊन वाटला नव्हता.

अशाच एका रविवारी लुंबिनी आली.

ती मुखेडकडची. गल्लीच्या टोकाला सुदर्शन सरांचा मोठा क्लास होता, त्याच क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलवर ती रेक्टर होती. साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हातात किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. हार्मोनियम नाही, तबला नाही, कुणी साथीला नाही. कस्तुराबाईंनी मला पुढं केलं तर ती बसलीच नाही. माझ्या पाठीमागं उभी राहिली आणि माझ्या पाठीच्या पत्र्यावर तिनं बोटांनी थाप मारून बघितली. मग डाव्या हातात किल्ल्या हलवल्या. पत्र्याचा ठेका आणि किल्ल्यांची छुमछुम. माझ्या अंगात वीज गेली. आयुष्यभर माणसं माझ्यावर बसली होती. वाजवलं मला कुणी नव्हतं.

"मी हॉस्टेलची रेक्टर हाय," ती म्हणाली. "पोरी मला माघारी कुलूप म्हणतेत. तर आज कुलूप गाणं म्हणणार हाय. माझा आवाज गोड हाय असं मला कुणी सांगितलं न्हाई. मोठा हाय असं समद्यांनी सांगितलंय."

लोक तिथंच हसले. मग तिनं स्वतः रचलेली गाणी म्हटली. एक होतं झेरॉक्सच्या दुकानाचं. संध्याकाळी सहा ते सात एवढ्याच वेळात साऱ्या हॉस्टेलला झेरॉक्स का लागते, आणि मुलं तिथं कोरा कागद घेऊन रांगेत का उभी असतात, याची त्यात चौकशी होती. गाणं मध्येच थांबवून ती सरळ चेहऱ्यानं दोन वाक्यं बोलायची आणि लोक पोट धरायचे. आणि मग तिनं डासाचं गाणं धरलं:

"हॉस्टेलातला डास बाई लई हुश्शार,
पोरींचं रगत पिऊन झाला तय्यार.
फिजिक्सवालीला चावला, बायोवालीला चावला,
डासाचा फोटू सरांनी फ्लेक्सावर लावला!"

किशनराव पुढच्या ओळीत बसले होते. हसताना त्यांचा चष्मा पडला. पाण्याच्या टाकीजवळ ऋतुजा नावाची मुलगी बसली होती. निलंग्याची, कमी बोलणारी, मेसमध्ये सगळ्यांच्या शेवटी जेवणारी. तिला हसून हसून उचकी लागली आणि लुंबिनीनं गाता गाताच तिला पाणी प्यायची खूण केली.

त्यानंतर लुंबिनी दर महिन्याला गाऊ लागली. लोक तिच्यासाठी येऊ लागले. आत जागा पुरेना तेव्हा पायरीवर बसले. "काय शब्द आहेत पोरीचे! काय धार आहे!" असं किशनराव प्रत्येकाला सांगायचे. नियम मोडून कुणीतरी डासाचं गाणं फोनमध्ये घेतलं आणि ते हॉस्टेलहॉस्टेलातून फिरलं. लुंबिनीला त्याचं काही वाटलं नाही. मलाही तेव्हा काही वाटलं नाही.

मग एका सकाळी ऋतुजा लोखंडी पेटी आणि गादीची वळकटी घेऊन मेसच्या दारात उभी राहिली.

"मावशी, माझं नाव कमी केलंय," ती म्हणाली.

"कशातून ग?"

"समद्यातून."

क्लासच्या चाचणीत ज्या मुलींना मार्क कमी होते, त्यांची नावं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या आधी पटावरून काढून टाकली होती. निकाल शंभर टक्के लागायला हवा होता, आणि ज्या मुलींवर भरवसा नव्हता, त्या आपल्या नव्हत्याच असं दाखवायचं होतं. कागदोपत्री त्यांनी 'घरगुती कारणानं' क्लास सोडला होता. हॉस्टेलची खोली त्याच दिवशी रिकामी करायची होती. ऋतुजाचं नाव काढलं, रेणुका नावाच्या देगलूरच्या मुलीचं काढलं, मुखेडच्या प्रियदर्शनीचं काढलं, अजून कितीजणींचं काढलं.

कस्तुराबाईंनी ऋतुजाला बसवून वरणभात वाढला. तिनं तो कालवला आणि तसाच ठेवला. लुंबिनी तिला घेऊन बसस्टँडला गेली, निलंग्याच्या गाडीत बसवून परत आली, आणि रिकाम्या हॉलमध्ये माझ्यावर येऊन बसली. तेव्हाच ती पहिल्यांदा माझ्यावर बसली. किल्ल्यांचा जुडगा तिनं फरशीवर टाकला.

"मावशी, तिच्या खोलीला मीच कुलूप लावून आले," ती म्हणाली. "पोरी काय खोटं म्हणतेत मला."

कस्तुराबाई पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "मग आता हितं बसून काय करायलीस?"

"गाणं जुळवायले."

दोन आठवड्यांनी रविवारची बैठक भरली. माणसं दाटून बसली होती. लुंबिनी गायला उठणार एवढ्यात गल्लीत मोटार थांबली आणि सुदर्शन सर आत आले. बरोबर क्लासचे दोन मास्तर आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर. एका मास्तराच्या हातात शाल आणि नारळ. सर सगळ्यांना हात जोडत, सतरंजीवरच्या माणसांच्या मधून वाट काढत पुढं आले आणि माझ्यावर बसले.

"सर, ती खुर्ची गाणाराची हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुम्ही खाली बसा. सतरंजी धुतलेली हाय."

"मावशी, तुमच्या हातचं जेवून माझ्या पोरी डॉक्टर झाल्या," सर गोड आवाजात म्हणाले आणि हलले नाहीत.

कस्तुराबाईंनी लोकांकडं बघितलं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोलले ते किशनराव. "जाऊ द्या हो मावशी, पाहुणे आहेत. एक दिवस बसले तर काय बिघडलं?"

मित्रांनो, मी घडीची खुर्ची आहे. घडी व्हायला मला क्षण पुरतो. त्या माणसाला आत घेऊन मिटून जावं असं मला वाटलं. पण ज्ञानोबानं माझी खीळ फार इमानानं ठोकलेली होती. मी त्याला सांभाळत उभी राहिले. ज्या हॉलमध्ये भाषण करायचं नाही असा नियम होता, तिथं माझ्यावर बसून त्या माणसानं भाषण सुरू केलं.

"लुंबिनी आमच्या परिवारातली मुलगी. तिचं ते डासाचं गाणं मी ऐकलं. लोकांना वाटलं, सर रागावतील. मी हसलो. मला विनोद कळतो. अशा कलावंताला आपण प्रोत्साहन दिलं पाहिजे. निकाल लागला की आमच्या गुणगौरव सोहळ्यात ती आमच्या शंभर टक्के निकालावर गाणं म्हणणार आहे. त्याची झलक आजच होऊन जाऊ द्या. काय लुंबिनी?"

फोटोग्राफरनं कॅमेरा सुरू केला. लुंबिनी शांतपणे उठली.

"म्हणते की सर," ती म्हणाली. "शंभर टक्क्यावरच म्हणते."

ती माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली. सरांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "तुम्ही बसा सर, उठू नका," ती म्हणाली. "मला ठेक्याला पाठ लागते." आणि सर बसलेले असताना तिनं माझ्या पत्र्यावर थाप मारली. ती थाप माझ्या पाठीतून सरांच्या पाठीत गेली. सर दचकले. लोक हसले. दुसरी थाप पडली, तिसरी पडली, किल्ल्या वाजल्या आणि तिनं आवाज लावला:

"चाळणीनं चाळून सर, दाणे तेवढे वेचले,
कोंडा म्हणून पोरींचे बिस्तरे बाहेर खेचले.
शंभर टक्के निकाल सर, शंभर टक्के खरा,
घरी धाडल्या त्यांचाबी टक्का काढा जरा!"

हॉल हसण्यानं भरून गेला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. सरांच्या अंगाला घाम फुटलेला मला जाणवत होता. उठावं तर गाणं लागलं असं होईल, बसावं तर प्रत्येक थाप पाठीवर. ते बसून राहिले आणि हसू तोंडावर धरून ठेवायचा प्रयत्न करत राहिले.

मग लुंबिनीनं गाणं थांबवलं, ठेका थांबवला नाही. एक थाप मारायची आणि एक नाव घ्यायचं.

"ऋतुजा, निलंगा."

थाप.

"रेणुका, देगलूर."

थाप.

"प्रियदर्शनी, मुखेड. माझ्याच गावची. तिच्या मायला मी काय सांगू, सर?"

हसणं बंद पडलं. ती नावं घेत राहिली. मला वाटलं, तिचे हात माझ्या पत्र्यावर फुटतील. सर उठले. शाल मास्तराच्या हातातच राहिली. जाताना ते तिच्या जवळ वाकून हळू बोलले. जवळ होते म्हणून मी ऐकलं. "उद्या ऑफिसला ये."

ते गेल्यावर काय टाळ्या झाल्या! लोक उभे राहिले. किशनरावांनी तिचे हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पोरी, फार वर्षांनी खरं गाणं ऐकलं," ते म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला, टाकीवरचे आपापले फोन उचलले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला सांगितलं, हॉस्टेलच्या सगळ्या मुलींसमोर माफी माग, नाहीतर किल्ल्या दे. तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सरळ मेसला आली. सामानाची पिशवी खांद्याला होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. सारखी ओढणी पिरगाळत होती.

कस्तुराबाई म्हणाल्या, "थांब. चाळीस माणसं हायेत आपल्याकडं. समद्यांनी मिळून जाऊ. पोरीला कामावर ठेवा म्हणू, आन काढलेल्या पोरींची नावंबी परत घाला म्हणू."

त्या माझ्यावर बसल्या, फोन मांडीवर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि एकेकाला लावू लागल्या. म्हणून सगळी उत्तरं मी माझ्या कानांनी ऐकली.

नर्सबाई म्हणाल्या, माझी भाची त्यांच्याच क्लासला आहे. बँकेतला कारकून म्हणाला, मी सरकारी माणूस, मला असं कुठं जाता येत नाही. एकानं फोन उचलून लगेच ठेवला. एका बाईंनी विचारलं, "पण तिनं नावं घ्यायला नको होती, नाही का?" किशनरावांनी बराच वेळ खोकून घेतलं.

"मावशी, नातू त्यांच्या पहिल्या बॅचला आहे हो. परीक्षा तोंडावर आली. माझं मन तिच्या बाजूनंच आहे, हे तिला सांगा."

"तुमचं मन घिऊन मी काय करू?" कस्तुराबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं सोबत या. बोलते मी."

"बघतो," किशनराव म्हणाले. फोन बंद झाला.

माझा राग तिथून सुरू होतो, मित्रांनो. सरांवर तर तो आहेच. पण सर आमच्या बैठकीत कधी हसले नव्हते, कधी रडले नव्हते, त्यांनी तिचे हात हातात घेतले नव्हते. ज्यांनी घेतले, त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. गाणं त्यांना फुकट पाहिजे होतं. तिची धार पाहिजे होती, पण कापणं तिच्या एकटीच्या हाताला पाहिजे होतं.

कस्तुराबाई एकट्याच गेल्या. वॉचमननं त्यांना फाटकाबाहेर उभं केलं. दुपारपर्यंत त्या उन्हात उभ्या होत्या, मग परत आल्या. सर भेटले नाहीत. ऋतुजाचं आणि बाकीच्या मुलींचं नाव परत लागलं नाही. लुंबिनी संध्याकाळच्या गाडीनं मुखेडला गेली. पुढच्या आठवड्यात हॉस्टेलच्या मुलींना सांगण्यात आलं की जेवण दुसऱ्या मेसला लावलं आहे. मेस अर्धी रिकामी झाली. रविवारी कस्तुराबाईंनी सतरंजी अंथरली, चहा केला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही त्यांनी अंथरली. चहा त्यांनी मोरीत ओतला, आणि मला उचलून गच्चीवर ठेवलं, मोडक्या कूलरशेजारी. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं, हे मला कळलं.

गच्चीवर मी एक पावसाळा काढला. पोपटी रंगाचे पोपडे निघाले, एक बूट गळून पडलं, खिळीत गंज भरला. समोरच नवा फ्लेक्स लागला. शंभर टक्के निकाल. मी त्या हसऱ्या चेहऱ्यांकडं रोज बघायची आणि जे चेहरे तिथं नव्हते ते आठवायची.

दिवाळी झाल्यावर कस्तुराबाई वर आल्या. त्यांनी मला खाली नेलं, घासलेट लावून खीळ मोकळी केली आणि फडक्यानं पुसलं. "गप पडून ऱ्हायलीस व्हय," त्या मला म्हणाल्या. "मीबी पडून ऱ्हायले. लई झालं आता."

त्या रविवारी लुंबिनी मुखेडहून आली. तिकडं ती एका कापडाच्या दुकानात काम करत होती, दिवसभर ठाण उलगडून दाखवायची. बारीक झाली होती. निलंग्याहून ऋतुजा आली, वडिलांना घेऊन. ती तिथल्याच कॉलेजात जाऊ लागली होती, परीक्षा तिनं पुन्हा द्यायची ठरवली होती. मेसच्या दोन-तीन मुली आल्या. एवढेच. सतरंजी पुरती उलगडावीसुद्धा लागली नाही.

गाणं सुरू होणार तेवढ्यात दारात किशनराव दिसले. चपला हातात होत्या. आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. कस्तुराबाई उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"किशनराव, हसाया आलाव का?"

त्यांनी चपला दारातच खाली ठेवल्या.

"न्हाई, आज हसण्यासारखं काय न्हाई म्हणून इचारते."

"ऐकायला आलो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

कस्तुराबाई बाजूला झाल्या. "मग पुढं बसा. पोरीच्या म्होरं."

ते लुंबिनीच्या समोर येऊन बसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं. हातात किल्ल्या नव्हत्या, नुसत्या बोटांनी तिनं माझ्या पत्र्यावर ठेका धरला. आवाज पूर्वीसारखाच मोठा होता.

"टाळी लई जोरात दिली, हसून दुखलं पोट,
सकाळी मी हाक मारली, शिवून घेतले ओठ.
माझं गाणं ग्वाड लागलं, बरं झालं बाई,
गाणाऱ्याच्या पाठीमागं उभं कुणी न्हाई!"

किशनराव हसले नाहीत. "वाहवा" म्हणाले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत वर केली नाही. उठूनही गेले नाहीत. गाणं संपलं तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऋतुजाच्या वडिलांनी तेवढं विचारलं, "ताई, अजून एक म्हणताव का?" आणि लुंबिनीनं अजून एक म्हटलं.

मित्रांनो, आता तुमच्याकडं वळते. जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, मला रंग द्या, मला उन्हापावसात टाकू नका. मला रंग नाही दिला तरी चालेल. पण तुम्ही कुठंतरी, एखाद्या छोट्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून असं गाणं ऐकाल. तुम्ही हसाल, तुमचं काळीज हलेल. तेव्हा चहा पिऊन चपला घालण्याआधी त्या गाणाऱ्या माणसापाशी जा आणि विचारा, "उद्या तुम्हांला कुणी बोलावलंय का? मी सोबत येऊ का?" त्या संध्याकाळी चाळीस माणसांतल्या एकानंही ते विचारलं नाही. विचारलं असतं, तर कस्तुराबाई त्या फाटकाबाहेर एकट्या उभ्या राहिल्या नसत्या.